अनीरच्या नावाचं झुडूप

४ मार्च

पोचले एकदाची. मिदेल्त शहरातून निघालेली गाडी दुपारी फाट्यावर थांबली. तिथून पुढं सामान गाढवावर आणि मी पायी. गाढवाच्या मालकिणीनं वाटभर हसवलं. इत्तो तिचं नाव. पन्नाशीची असेल. समोरचा एक दात नाही, आणि तो कसा गेला याच्या वेगवेगळ्या गोष्टी तिनं मला गाव येईपर्यंत सांगितल्या. एकीत नवरा होता, एकीत मेंढा, एकीत न फुटणारा बदाम. यातली खरी कुठली म्हणून विचारलं तर म्हणाली, तुला आवडली ती ठेव गं, बाकीच्या मला परत दे, उद्या दुसऱ्या कुणाला सांगायला लागतील.

गाव ऐत इमलाल. मातीची घरं, बदाम फुललेले. माझी सोय इत्तोच्याच घरी आहे. ती विधवा, एकटी राहते. माझ्या खोलीला नवा चुना लावलाय. फडताळात जवाची भाकरी आणि लोण्याची वाटी आधीच झाकून ठेवली होती. एवढं कशाला, म्हटलं. त्यावर तिचं उत्तर असं, की सरकारी बाई उपाशी मेली तर गावाचं नाव वर्तमानपत्रात छापून येईल, आणि इथं कुणाला वाचताही येत नाही, म्हणजे बदनामी होऊन वर मजाही नाही.

खिडकीतून समोरचा उतार दिसतो. त्याच्यासाठीच मी आले आहे. आजूबाजूचे सगळे डोंगर बोडके आहेत. बकऱ्यांनी चरून आणि बायकांनी भट्टीच्या सरपणासाठी मुळासकट उपटून लाल माती उघडी पडलीय. हा एकच उतार रुपेरी. पायथ्यापासून खांद्यापर्यंत शीहची झुडपं. वारा वळला की वास खोलीत येतो, कडवट, स्वच्छ, दवण्याच्या जवळचा. चराऊ रानांच्या खात्याला एवढंच हवंय, की शीह इथंच का टिकलं ते शोधून काढा, म्हणजे बाकीच्या उतारांवर ते पुन्हा लावता येईल. एक वर्षाचं काम. फार दिवसांनी मी बॅग उघडताना गुणगुणत होते.

गावात फोनला रेंज नाही. ती त्याच उतारावर येते म्हणे, मोठ्या खडकापाशी.

९ मार्च

दोऱ्यांचे चौकोन आखून झाले. दिवसभर गुडघ्यांवर. मला हे काम आवडतं. माणसाकडं इतक्या जवळून आणि इतका वेळ कुणी बघू देत नाही, झुडूप बघू देतं.

मातीवर शेवाळाचं पातळ कवच आहे. पाऊल पडलं की मोडतं, आणि मोडलं की पुढच्या पावसात माती वाहून जाते. बाकीच्या डोंगरांचं तेच झालं. शीहचं रोप उघड्यावर उगवलं तर पहिल्या उन्हाळ्यातच जळून जातं, थोरल्या झुडपाच्या सावलीला उगवलं तर तगतं. पण तेच थोरलं झुडूप खालून त्याच्या वाट्याचं पाणीही पीत असतं. सावलीही तेच देतं आणि तहानही तेच. मिदेल्तला शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांना हे सांगताना अनीर समोर तिसऱ्या बाकावर बसलेला असायचा, आई शिकवते म्हणून लाजलेला.

दुपारी खडकापाशी बसून फोन सुरू केला. काही नाही.

अनीरला जाऊन दोन वर्षं होतील. लिबियातून नावेत बसतोय असा निरोप आला. मग नाव बुडाल्याची बातमी. मग काहीच नाही. वाचलेल्यांच्या यादीत तो नव्हता, सापडलेल्या देहांच्या यादीतही नव्हता. बावीस वर्षांचा होता. आहे. मी अजून 'आहे' लिहिते. त्याचा बाप हे सगळं बघायला उरला नाही, ते एक बरं झालं. माझा नंबर अनीरला पाठ आहे, म्हणून मी तो बदललेला नाही.

२७ मार्च

दोन गोष्टींचा अर्थ लागत नाही.

कोरड्या उतारावर झुडपं एकमेकांपासून अंतर राखतात. पाणी थोडं असतं, प्रत्येकाला आपलं रिंगण लागतं. इथं तसं नाही. इथं ती दोन-दोन, तीन-तीन अशी जवळजवळ उभी आहेत, लग्नात एका आळीची पोरं घोळक्यानं उभी राहावीत तशी. आणि सगळी किंचित गावाकडं झुकलेली. वारा तर उलट्या बाजूनं वाहतो.

आज शुक्रवार, म्हणून बायका वर आल्या होत्या. लल्ला यामना त्यांच्यात सगळ्यांत म्हातारी, मुठीएवढी. दोन झुडपांच्या मधोमध बसून ती भाकरी खात होती, आणि प्रत्येक घासाआधी एकदा या बाजूला बघायची, एकदा त्या. मी चौकोनांच्या मधून चालत होते तर ओरडली, अगं ए सरकारी, दोऱ्या बांध, मोज, काय हवं ते कर, पण पाय बघून टाक की! पोराच्या अंगावर पडेल!

रात्री जेवताना इत्तोनं सांगितलं. सांगताना तिनं एकही विनोद केला नाही.

हा उतार म्हणजे अगदाल, बंद रान. पूर्वी वसंतात बंद ठेवायचे आणि ठरल्या दिवशी सगळ्यांच्या बकऱ्यांना एकदम खुला करायचे. मग गावातली पोरं समुद्रापलीकडं जायला लागली, आणि काही परत आली नाहीत. ज्याचा देहच नाही त्याला न्हाऊ कसं घालायचं, पुरायचं कुठं? मग आया इथं येऊ लागल्या. उन्हाळ्यात झुडपांनी पानं गाळली की आई एक झुडूप निवडते. बुंध्याशी दूध ओतते, मुलाच्या कपड्यातला धागा बांधते आणि खाली वाकून त्याचं नाव मातीला सांगते. त्यानंतर घरात ते नाव मोठ्यानं घ्यायचं नाही. त्या झुडपाला कोयता लागत नाही, बकरी लागत नाही. एकेक करत सगळा उतारच असा झाला, आणि अगदाल पुन्हा कधी उघडला नाही.

इत्तोचा मुलगा जायद खडकाला लागून आहे. सहा वर्षं झाली.

म्हणजे माझ्या कामाचं उत्तर मला मिळालं. खात्याला काय लिहू? या उतारावर बकऱ्या येत नाहीत, कारण इथं आया येतात?

१६ मे

मी रोज काम संपलं की खडकापाशी जाते, हे गावाच्या करमणुकीचं झालंय. विहिरीवर इत्तो सगळ्यांसमोर म्हणाली, त्या डबड्याकडं ही जेवढं टक लावून बघते तेवढं मी लग्नाच्या रात्री नवऱ्याकडंही बघितलं नव्हतं. कुणीतरी लगेच म्हणालं, म्हणूनच तो दात पाडून गेला. मीही हसले.

घरी आल्यावर पीठ मळता मळता तिनं विचारलं, त्याचं नाव काय गं? मी सांगितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, उल्तमा, माझ्या बहिणी, वाट बघणं म्हणजे त्याला रोज संध्याकाळी मारून रोज सकाळी जिवंत करणं आहे. एकदाच काय ते कर आणि त्याला निजू दे.

मी उठून गेले. मला तिचा राग आला. आणि रात्रभर तेच वाक्य डोक्यात.

८ जून

झुडपांनी पानं गाळली. कुणी परका बघेल तर म्हणेल, सगळा उतार मेला. मेलेला नसतो. मोठी पानं टाकून देऊन बारीक पानं शीह मूठ आवळावी तशी काडीशी धरून ठेवतं आणि उन्हाळाभर जवळजवळ श्वास रोखून उभं राहतं. नखानं साल खरवडली की आत हिरवी रेघ दिसते. आज कितीतरी झुडपं खरवडून बघितली. सगळी आतून जिवंत.

हे मला ठाऊक आहे. दुसऱ्यांना शिकवलंय. तरी मी फार थकले आहे.

११ जून

केलं.

सकाळीच गेलो आम्ही, मी, इत्तो आणि लल्ला यामना. मी अनीरचा हिरवा स्वेटर मिदेल्तहून आणला होता, का आणला होता ते स्वतःलाही विचारलं नव्हतं. त्याच्या बाहीतला धागा उसवला. जायदच्या शेजारचं, फारसं मोठं नसलेलं एक झुडूप निवडलं. त्याला कधी एकट्यानं झोपायला आवडायचं नाही. दूध ओतलं. माती ते क्षणात प्याली.

मग वाकले. नाव सांगताना ओठांना माती लागली. सावलीतली सकाळची माती, ती गार असायला हवी. कोमट होती. कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

लल्ला यामनानं पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, झालं हं, झालं, आता तो कुठं जात नाही. इत्तो रडत होती. माझ्यापेक्षा जास्त.

फोन बंद करून पेटीच्या तळाशी ठेवला.

२ जुलै

दोन वर्षांत पहिल्यांदा सलग झोप लागते आहे. अंग हलकं आणि रिकामं वाटतं, पूर ओसरल्यावरच्या घरासारखं. 'होता' असं लिहून बघितलं. लिहिता आलं.

इत्तो माझ्यासाठी सारखं काहीतरी करत असते. अंजिरं, ताक, पायाला तेल. पण माझ्या डोळ्यांकडं बघत नाही. थट्टाही बंद केलीय. मी म्हटलं, दाताची नवीन गोष्ट सांग. म्हणाली, गोष्टी संपल्या.

१० जुलै

त्याचं झुडूप हिरवं झालंय.

फक्त त्याचंच. दगड तापून हात लावता येत नाही असं ऊन, सगळा उतार काटक्यांचा, आणि मध्ये हे एक, पावसाळी हिरवं, पानं रसरशीत, मोठी. असं होत नाही. मी बाजूला खणून बघितलं. माती पिठासारखी कोरडी. दुधाचं पाणी एवढे दिवस पुरणं शक्य नाही. मग हे पितंय कुठलं?

आधी आनंदच झाला, ते लिहिलं पाहिजे. वाटलं, तोच आहे. त्याला बरं आहे. पानांवरून हात फिरवला, आणि मग शास्त्र आठवलं आणि हात मागं घेतला.

उद्या खात्यासाठी फोटो काढते. त्यासाठी फोन वर काढावा लागेल.

११ जुलै

अनीर जिवंत आहे.

अनीर जिवंत आहे. फोटो काढायला फोन सुरू केला आणि तो हातातच वाजला. परदेशी नंबर. इम्मा, आई, म्हणाला. इम्मा, फोन का बंद ठेवतेस, गेले तीन आठवडे लावतोय!

नाव बुडाली, पण काहींना परत लिबियाच्या किनाऱ्यावर ओढून नेलं आणि कोंडून ठेवलं. या वसंतात सुटला. आता इटलीत दक्षिणेला टोमॅटोच्या मळ्यावर आहे. कागद नाहीत, फोन त्याच्या खोलीतल्या बस्सूचा. मिशा ठेवल्यात म्हणे. मी म्हटलं, काढून टाक, तुझ्या बापाला शोभल्या नाहीत त्या तुला काय शोभणार. हसला. तेच हसू, मध्येच नाकातून वाजणारं.

मी मेले तरी चालेल आता.

थोडा थकलाय. जूनच्या मध्यापासून पावलांना मुंग्या येतात आणि तहान भागत नाही, म्हणाला. उन्हात काम करतो, होणारच. पाणी पी म्हटलं.

१२ जुलै

काल धावत खाली आले तेव्हा इत्तो अंगणात जव पाखडत होती. मी तिच्या गळ्यात पडले. जिवंत आहे गं, जिवंत आहे माझा! तिच्या हातून सूप पडलं. तिनं मला मिठी मारली नाही. एवढंच विचारलं, की पाय ठीक आहेत ना त्याचे?

मी पायांबद्दल काहीच बोलले नव्हते.

२० जुलै

रोज दुपारी बोलणं होतं. रोज तो थोडा कमी बोलतो.

मुंग्या गेल्या, आता गुडघ्यापर्यंत काहीच लागत नाही. बस्सू त्याला पाठीवर घेऊन संडासाला नेतो. घागरभर पाणी पितो आणि ओठ तरी फुटलेले. तोंड कडू पडलंय. आज विचारलं, इम्मा, घरात शीह जाळलंयस का, मला वास येतोय. दवाखान्यात जायला तयार नाही, पकडून परत पाठवतील म्हणून. मी ओरडले, पाठवू देत, मला तेच हवंय! तो म्हणाला, थोडी कमाई होऊ दे गं.

झुडूप आणखी वाढलंय. आज त्याच्यावर दव होतं. या हवेत दव.

२३ जुलै

मनाचे खेळ आहेत का ते बघायला एक काडी छाटली. खात्याच्या नमुन्यासाठी काढतो तशी, टोकाची. कात्रीनं.

दुपारी फोन बस्सूनं लावला. कोवळा, अदबीनं बोलणारा मुलगा आहे. म्हणाला, खाला, घाबरू नका, पण सकाळी अनीरचा हात नुसता झोपल्या झोपल्या चिरला, जवळ काही नव्हतं, चाकू नाही, खिळा नाही. रक्त थांबलंय. पण रक्ताला वास येतो. कसला म्हणून मी विचारलं नाही.

२४ जुलै

इत्तोला विचारलं. दार लावून, समोर बसून.

काही माहीत नाही म्हणून तिनं आधी शपथा घेतल्या. मग सांगितलं.

जायदचं नाव सांगून महिना झाला होता. ती खडकापाशी शेळीचं पिल्लू शोधत होती. फोन वाजला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, इम्मा, तहान लागली. एवढंच. आवाज जायदसारखा, पण घशात माती असल्यासारखा. तिला वाटलं गावातल्या कुणी टवाळानं चालवलंय. तिनं शिव्या घातल्या. तुझी आई मरो, म्हणाली. आणि फोन ठेवला. पुन्हा कधी वाजला नाही. त्या वेळी जायदचं झुडूप भर उन्हाळ्यात हिरवं होतं.

लल्ला यामनाच्या धाकट्याचंही झालं होतं हिरवं. आणखी कुणाकुणाचं. कुणी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर शुक्रवारी त्यांच्याजवळ जाऊन बसायचं कसं, म्हणाली.

मग मला का सांगितलंस? मला का करायला लावलंस?

ती म्हणाली, तू रोज धावत जायचीस वर. बघवत नव्हतं गं. आणि मला वाटलं, तुझा तरी खराच गेलेला असेल. निदान एका आईनं तरी योग्य केलेलं असेल. एक तरी झुडूप खरं असावं.

मी तिला मारलं. तिनं मारू दिलं.

२६ जुलै

नाव परत घेता येतं का? कुणी घेतलेलंच नाही, म्हणून कुणाला माहीत नाही.

मी वाकून मातीला म्हटलं, चुकलं, तो नाही, तो जिवंत आहे, दे. धागा सोडायला गेले. धागा सालीत रुतलाय, वरून साल धरलीय. दूध, मग मीठ, मग नुसती रडले. कोमट माती.

माझं नाव सांगितलं. तामू, म्हटलं, तामूला घे. माझे पाय ठणठणीत आहेत.

२९ जुलै

बोलणं आता बस्सूच करतो. अनीरच्या कानाला फोन लावतो आणि मी ऐकते. श्वास. काडी काडीवर घासल्यासारखा.

कंबरेपर्यंत.

बस्सू रडत होता. म्हणाला, खाला, त्याला आता हलवता येत नाही. जड झालाय म्हणून नाही— धरून ठेवल्यासारखा.

३० जुलै

खणायचं. कापलं तर चिरतो. पण सगळं, मुळासकट, न तोडता— हातानं.

बायका वाटेत उभ्या होत्या. लल्ला यामना माझ्या पायांना बिलगली. नको गं, मुळं एकात एक आहेत, तुझं उपटशील तर माझे दोघं— मी म्हटलं, तुझे दोघं मेले. ती म्हणाली, हो. पण इथं आहेत ना.

मी तिला उचलून बाजूला ठेवलं. पिसासारखी आहे.

३१ जुलै

खणते आहे. नखं गेली. खाली माती ओली आणि गरम. एवढं पाणी. सगळं त्याचंच.

मुख्य मूळ सापडलं. मनगटाएवढं, गुळगुळीत. साल नाही त्याला. धरलं तर आत ठोका—

धरलं तेव्हाच फोन. बस्सू ओरडत होता, खाला, त्यानं पाय हलवला! अंगठा हलवला! मी आनंदानं दोन्ही हात वर केले. तसा बस्सू म्हणाला, थांबला.

पुन्हा धरलं. हलवला म्हणाला.

म्हणजे सोडायचं नाही. एवढंच आहे ते. सोडायचं नाही.

१ ऑगस्ट

डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर वाईट. उजवा खाली, मुळाशी.

सकाळी अनीर स्वतः बोलला. इम्मा, भूक लागलीय. भूक! काय खाशील विचारलं. तुझ्या हातचं, म्हणाला. लोणी घालून. मग दमला.

इत्तो पाणी पाजते. बोलत नाही आम्ही. वर तिनं आपली शाल दोन काठ्यांवर बांधली. म्हणते, मी धरते थोडा वेळ, तू झोप. धरून बघितलं तिनं. बस्सू म्हणाला, नाही, नाही, थांबलं पुन्हा. त्याला आईच लागते.

तिनं हात काढला आणि तशीच जायदच्या झुडपाशी जाऊन खणायला लागली. सहा वर्षांनी. मी थांब म्हटलं नाही.

संध्याकाळ

तिला मूळ सापडलं. कोरडं. हलकं. तिनं ते मांडीवर घेतलंय.

२ ऑगस्ट

कोपरापर्यंत काही लागत नाही. दुखत नाही. नुसती तहान.

अनीर उठून बसला, बस्सू म्हणतो. उठून बसला. भिंतीला टेकून. चहा प्याला.

माझी बोटं दिसत नाहीत. माती ओली आहे म्हणून दिसत नसतील—

३ ऑगस्ट

खांदा. इत्तोनं ओढून बघितलं, निघत नाही. ती म्हणाली, आता सोड गं. मी म्हटलं, आता मी कुठं धरलंय.

दुपार. तो चार पावलं चालला होता सकाळी. मग फोन नाही. अजून नाही. चालायला गेला असेल. पोरं विसरतात—

झुडपाची पानं गळताहेत. पिवळी नाही, हिरवीच. माझ्या मांडीवर. हे चांगलं की वाईट? मला हे माहीत असायला हवं. माझं कामच आहे हे. साल खरवडून बघता येईल, पण मग त्याला—

फोन वाजतोय.

त्याचाच नंबर. म्हणजे बस्सूचा. बोलणारा कोण ते—

इत्तो, घे ना गं. घेत नाही ती. कानांवर हात दाबून बसलीय, डोकं हलवतेय. मी नाही, मी पुन्हा नाही, म्हणतेय.

वाजतोय. लिहायचा हात तेवढाच मोकळा आहे. पेन्सिल खाली ठेवते आणि